टाय ऐकू येतो

सोमवार, १२ सप्टेंबर १९९४
सकाळी ७.१०

आजपासून नवी वही. जुन्या वहीत तक्रारी फार झाल्या. 'तक्रार म्हणजे विचार नव्हे' हे वाक्य मी त्याच वहीत तीन वेळा लिहिलंय, हे काल चाळताना कळलं.

या सीझनसाठी नियम:
१. गोऱ्यांना हसवायला एकही काळा माणूस पडताना दाखवायचा नाही.
२. बुधवारच्या वाचनात आपल्या स्किटला आपणच आधी हसायचं नाही.
३. डेझशी वाद घालताना 'वस्तुतः' म्हणायचं नाही.

'नो शुगर' या आमच्या काळ्यांच्या विनोदी टीव्ही कार्यक्रमाचं हे तिसरं वर्ष. आठ लेखकांत कॉलेज पुरं केलेला मी एकटा. हे अभिमानानं लिहीत नाही, नोंद म्हणून लिहितो. मार्लीन पिकेटनं हा कार्यक्रम काढला तेव्हा म्हणाली होती, आपल्यावरचे विनोद निदान आपण तरी करू. ते वाक्य तिचं असलं तरी त्यामागची भूमिका मी तिला समजावून सांगितली होती.

बुधवार, १४ सप्टेंबर

वाचन झालं. माझं स्किट होतं बातम्यांवर. निवेदक 'वस्ती' हा शब्द उच्चारताना दर वेळी आवाज खाली आणतो. वाचनात जिथे हशा होतो तिथे सहायक मुलगी कागदावर बरोबरची खूण करते. मला दोन खुणा. त्यातली एक खोकल्याची होती.

मार्लीन म्हणाली, प्रोफेसर, लेक्चर झकास झालं, आता याचं स्किट कधी आणतोस? सगळे हसले. तिथे मात्र त्या मुलीनं खूण केली. माझ्याच कागदावर.

डेझ टॉलिव्हर हा आमचा मुख्य नट. तो म्हणाला, भावा, तुझ्या स्किटमध्ये माणसं नसतात, मुद्दे असतात, मी मुद्द्याचे कपडे कसे घालू?

वस्तुतः तो चुकतोय.

रविवार, १८ सप्टेंबर

चर्चनंतर डॅडींकडे जेवायला. माझी मुलगी जोसेट बरोबर होती (रविवार माझा, बाकीचे दिवस तिच्या आईचे). इव्हॉननं गंबोचा दाट रस्सा केला होता. माझी ही बहीण डॅडींच्या शेजारच्याच रस्त्यावर राहते, त्यामुळे तिला वाटतं डॅडी तिचेच.

डॅडी अठ्ठ्याहत्तर. टपालखात्यात एकतीस वर्षं पत्रं लावली. उजव्या डोळ्यात काचबिंदू आहे. शहराच्या पश्चिमेला डोळ्यांचे एक मोठे डॉक्टर आहेत. ते नवे पेशंट घेत नाहीत. महिन्याच्या पहिल्या तारखेला नऊच्या ठोक्याला फोन करायचा, कुणी वेळ रद्द केली असेल तर मिळते. १ सप्टेंबरला मिळाली नाही. तरी डॅडींना दवाखान्याला आठवण करून द्यायची होती, म्हणून त्यांनी शुक्रवारी पुन्हा फोन केला म्हणे. पण बोलणं अर्धवट राहिलं होतं. म्हणून एक निरोप आज, दवाखाना बंद असताना, त्यांच्या निरोप टिपणाऱ्या मशीनवर ठेवायचा होता. तो सोहळा मी पुष्कळ वर्षांनी जवळून पाहिला.

ते आत गेले. स्वेटरची बटणं लावून आले. टाय घट्ट केला. फोनच्या टेबलापाशी ताठ उभे राहिले. तेवढ्यात जोसेट काहीतरी बोलली, तर तिच्यावर खेकसले, गप बस गं, जीभ आहे का कात्री! आणि पुढच्याच श्वासात, रिसीव्हरमध्ये, कुठल्यातरी उत्तरेकडच्या बँकेच्या गोऱ्या संचालकाच्या आवाजात: "मी ऑगस्टीन मेटॉयर. मला असे अवगत करण्यात आले आहे की डॉक्टरमहोदयांकडे एखादी वेळ रिक्त होऊ शकते. तरी आपण कृपया नोंद घ्यावी."

याच आवाजानं त्यांनी १९६१ साली हे घर घेतलं. फोनवर सगळं ठरलं, करार टपालानं आला, सही झाली. मग किल्ली घ्यायला गेले. दलालानं दार उघडलं, पाहिलं आणि विचारलं, मिस्टर मेटॉयर मागून येतायत का? डॅडी म्हणाले, पुढूनच आलोय. दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला, जेवताना, ही गोष्ट होते.

मी नऊ वर्षांचा असताना त्यांना विचारलं होतं, फोनवर दिसत नाही तर टाय कशाला? ते म्हणाले, टाय दिसत नाही, पण ऐकू येतो. हे ते फक्त मला म्हणाले. इव्हॉनला माहीत नाही.

परतताना गाडीत जोसेटला म्हणालो, आपल्या प्रत्येक घरात असा एक फोनचा आवाज असतो. सुदैवानं माझ्या पिढीला त्याची गरज उरली नाही. ती खिडकीबाहेर बघून हसत राहिली. चौदा वर्षांच्या मुली कशालाही हसतात.

सोमवार, १९ सप्टेंबर
सकाळी ६.०० ते ८.३०

एका बैठकीत लिहून काढलं. 'मिस्टर पेनिंग्टन फोनवर'. घरात रांगडा बोलणारा माणूस फोन उचलला की गोरा होतो. शेवट: तो घराच्या दारात उभा. दलाल विचारतो, साहेब मागून येतायत का? पेनिंग्टन टायला हात लावतो. चार सेकंद शांतता. पडदा.

त्या चार सेकंदांत सगळं आहे. बाकीचं स्किट हे त्या शांततेपर्यंत जायचा रस्ता.

डॅडींना सांगावं का? आवाज काही त्यांच्या एकट्याचा नाही. सार्वजनिक ठेवा आहे तो. तरीही प्रसारणाआधी सांगणार. तत्त्व म्हणून.

बुधवार, २१ सप्टेंबर

चौदा खुणा!!

डेझनं 'बस मुकाट्यानं, तंगडी तोडीन' वरून थेट 'मला असे अवगत करण्यात आले आहे' वर उडी मारली, तेव्हा मार्लीन टेबलावर डोकं ठेवून हसत होती. सहा खुणा त्या एका वाक्याला.

मग ती डोळे पुसत म्हणाली, शेवट मरतोय, आणि हा माणूस कुणीही असू शकतो. प्रत्येकाचा काका असाच बोलतो. याचं एकट्याचं असं काय आहे? नसेल तर पुढच्या आठवड्यावर टाकू.

मी टायची ओळ सांगितली.

खूण करायला त्या मुलीनं पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. डेझ हळू म्हणाला, भावा, हे तुझ्या घरचं आहे ना? मी म्हणालो, अनेक माणसांचं मिश्रण आहे. तो म्हणाला, हो का, मग त्या अनेक माणसांना माझा नमस्कार सांग.

ओळ माझीच आहे. म्हणाले ते, पण ऐकली मी. ऐकणाराच नसता तर ओळ उरली असती का?

खबरदारी म्हणून स्वेटर तपकिरीचा राखाडी केला. रंग बदलला की माणूस बदलला.

शुक्रवार, २३ सप्टेंबर

रेकॉर्डिंग. प्रेक्षक तीनशे, निम्मे गोरे. शेवटची शांतता आली. मी मनात मोजत होतो. एक. दोन. तीन. मग मागून कुणीतरी एक पुरुष मोठ्यानं हसला आणि त्याच्यामागून सगळे.

संकलनात दोन सेकंद राखून घेतले. भांडून. दोन सेकंदांची शांतता टीव्हीवर चारसारखी वाटते, असं संकलक म्हणाला. पटण्यासारखं आहे.

रविवार, २५ सप्टेंबर

आज डॅडींना सांगणार होतो. सूपच्या वेळी विषय निघाला नाही. भाताच्या वेळी त्यांचा घास तोंडात होता. शिवाय सांगायला गेलं की सांगण्यासारखं काहीतरी आहे असा समज होतो.

ते साडेआठला झोपतात, कार्यक्रम नऊला असतो. पहिल्या वर्षी आम्ही पाद्र्यावर स्किट केलं, तेव्हापासून त्यांच्या घरात 'नो शुगर' लागत नाही. तुझं बरं चाललंय ना, मग झालं, असं म्हणतात. म्हणजे आमच्यात तसा समझोताच आहे.

पुढच्या रविवारी सांगेन. परिणाम पाहून सांगितलेलं केव्हाही चांगलं.

सोमवार, २६ सप्टेंबर

चॅनेलच्या ब्रॅड लिंडक्विस्टचा घरी फोन. तीन वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, हा पेनिंग्टन दर आठवड्याला हवा. धाडसी आहे, आणि सगळ्यांना आवडेल असा आहे. हे दोन्ही एकाच वाक्यात म्हणाला.

मी अट घातली: शेवटची शांतता राहिली पाहिजे. तो म्हणाला, अर्थात, तोच तर आत्मा आहे.

माणसाला समज आहे.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

स्टुडिओच्या गेटवरचा पहारेकरी, गोरा, तीन वर्षांत ज्यानं माझं ओळखपत्र रोज मागितलं, आज सलाम ठोकून म्हणाला, मला असे अवगत करण्यात आले आहे की आपण आत जाऊ शकता! आणि ओळखपत्र न बघता सोडलं.

विनोदानं समाज बदलतो, याचा मला आजवर इतका साधा पुरावा मिळाला नव्हता.

रविवार, ९ ऑक्टोबर

जोसेट म्हणते, माझ्या शाळेतली गोरी मुलं कँटीनमधल्या काळ्या बाईंशी त्या आवाजात बोलतात. बाईंना वाटतं ती चेष्टा बाईंचीच आहे. मी समजावलं, बेटा, चेष्टा त्या व्यवस्थेची आहे, जी माणसाला दोन आवाज ठेवायला लावते. ती म्हणाली, मग व्यवस्थेनं हसायचं थांबवावं ना, डॅड. सगळ्यात जास्त तीच हसतेय.

तेवढ्यात ब्रॅडचा फोन आला. पाच मिनिटं बोललो. ठेवल्यावर ती म्हणाली, ऐकलंस स्वतःला? 'अगदी, अगदी, अगदी.' तुझं हसणंसुद्धा फोनवर गोरं होतं.

वयच तसं आहे तिचं. मी सौजन्यानं बोलत होतो. सौजन्याला रंग नसतो.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

पेनिंग्टनला आता कुत्रा दिलाय. फोनवर बोलताना तो कुत्र्याला अडखळतो आणि सोफ्यावर आडवा होतो. नियम एकचा विचार केला. सोफ्यावर पडणं म्हणजे पडणं नव्हे, जरा वेगानं बसणं.

शांतता: एक सेकंद. तिच्यावर आता संगीत आहे.

टायची ओळ दर आठवड्याला येते. प्रेक्षक बरोबरीनं म्हणतात.

सोमवार, ३१ ऑक्टोबर

हॅलोविन. संध्याकाळी सहापासून दारावर सोंगं घेऊन चॉकलेट मागणारी मुलं. साडेसहाला कॉलेजची तीन गोरी पोरं आली. राखाडी स्वेटर, टाय, हातात खेळण्यातला फोन. तोंडं तपकिरी रंगवलेली. तिघं एका सुरात म्हणाली, टाय दिसत नाही, पण ऐकू येतो! मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना फक्त चॉकलेट हवं होतं.

दोन-दोन दिली.

एकेकच द्यायला हवं होतं.

मंगळवार, १ नोव्हेंबर

रात्री नीट झोप नाही. ठरवलं: या सीझननंतर पेनिंग्टन बंद. ब्रॅडला स्पष्ट सांगायचं. त्याचा फोन आला की सांगेन, आपण होऊन केला तर रागानं बोलतोय असं वाटेल.

(आज पहिली तारीख. डॅडींनी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला असेल.)

रविवार, ६ नोव्हेंबर

डॅडी जेवायला टाय न लावता बसले. उकडत होतं म्हणावं, तर खिडक्या बंद होत्या. विचारलं, डॉक्टरकडची वेळ मिळाली का? म्हणाले, नाही. पुन्हा कधी फोन करणार? म्हणाले, बघू.

नळ गळतोय. प्लंबरला फोन इव्हॉननं केला. टेलिफोनचं बिल चुकलंय, त्यासाठीही तिनंच. डॅडींनी रिसीव्हरला हात लावला नाही. सबंध दुपारभर इव्हॉन माझ्याकडे बघत होती. तिचं नेहमीचं आहे.

मला वाटतं, डॅडींचे कान गेले.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

डॅडींसाठी फोन घेतला. मोठी बटणं, आवाज वाढवायची सोय, घंटेबरोबर लाल दिवा. दुकानातली मुलगी म्हणाली, आजकाल अशी काळजी कोण करतं?

माझ्या मनात हेच होतं, पण ते दुसऱ्यानं म्हणावं यात बरं वाटलं.

रविवार, १३ नोव्हेंबर

फोन दिला. डॅडींनी खोका उघडून पाहिला, पुन्हा बंद केला, थँक्यू म्हणाले. लाल दिव्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. ते म्हणाले, हो, दिसला.

डावा डोळा झाकून म्हणाले, असा नाही दिसत.

इव्हॉन स्वयंपाकघरात भांडी जोरात आपटत होती.

गुरुवार, २४ नोव्हेंबर
थँक्सगिव्हिंग, दुपारी ४.००

घरची एकोणीस माणसं. इव्हॉनच्या नातवंडांनी गलका केला, ग्रँडपा, घराची गोष्ट, घराची गोष्ट! डॅडींनी काटा खाली ठेवला. म्हणाले, ल्यूशियनला विचारा. आता तो सांगतो ती.

तेहतीस वर्षं ही गोष्ट त्यांची होती. आज सगळ्यांसमोर त्यांनी ती माझ्या हातात दिली. वारसा असाच, न बोलता, एका वाक्यात दिला जातो.

मी उभा राहून सांगितली. चांगली सांगितली. 'पुढूनच आलोय'च्या आधी थोडा थांबलो. कुणी हसलं नाही. भारावले असावेत.

डॅडी टर्कीचे तुकडे करत होते. आधीच केलेले तुकडे पुन्हा करत होते.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर

काल भांडी पुसताना इव्हॉननं सांगितलं, ते लिहून ठेवतो. तिच्या शब्दांत, माझी टिप्पणी न घालता. (तिचा सूर जरा चढा असतो, हे फक्त संदर्भासाठी.)

लू, म्हणाली, तू एवढा शिकलेला, तुला वारसा वाटला का तो? डॅडी ऑक्टोबरमध्ये न्हाव्याकडे बसले होते. तिथल्या टीव्हीवर तुमचं ते मागच्या आठवड्याचं लावलं होतं. सगळे हसत होते, डॅडीही हसले. म्हणाले, खरंय, माझा भाऊसुद्धा असाच बोलायचा. मग तो नट टायचं बोलला. डॅडी अर्धी दाढी तशीच ठेवून उठून घरी आले. मला विचारलं, टायचं मी तुला कधी सांगितलं होतं का गं? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग बरोबर आहे.

आणि ऐक पुढे. या महिन्याच्या एक तारखेला, नऊच्या ठोक्याला, टाय लावून उभे राहिले. म्हणाले नेहमीसारखं, मला असे अवगत करण्यात आले आहे. तर त्या काउंटरवरच्या बाईला हसू फुटलं. ती म्हणाली, थांबा थांबा, आणि फोन स्पीकरवर टाकला. चार-पाच जणी गोळा झाल्या. पुन्हा म्हणा ना, टायचं म्हणा. डॅडी म्हणाले, बाई, मी पेशंट आहे, माझा उजवा डोळा जातोय. तेसुद्धा त्याच आवाजात म्हणाले, दुसरा आवाज त्यांना फोनवर येतच नाही ना! त्या आणखी हसल्या आणि फोन ठेवून दिला. त्यांना वाटलं, कुणी नक्कल करतंय.

चाळीस वर्षं, लू. त्या आवाजावर घर घेतलं, आपल्या दोघांना शाळेत घातलं, मम्माला दवाखान्यात खाट मिळवली. आता तो आवाज विनोद झाला. आणि तू त्यांना दिवा लागणारा फोन आणलास.

इथे इव्हॉनचं बोलणं संपलं.

टिप्पणी नाही.

शनिवार, २६ नोव्हेंबर

थोडी टिप्पणी.

त्या दवाखान्यातल्या बायकांची चूक उघड आहे. न्हाव्यानं जुना भाग लावायला नको होता. मार्लीननं 'याचं एकट्याचं काय आहे' असं विचारलं नसतं, तर ती ओळ मी सांगितलीच नसती. डेझनं ती ज्या तऱ्हेनं म्हटली, त्यात भावनेपेक्षा भुवया जास्त होत्या.

माझा वाटा नाकारत नाही. कागदावर मांडून पाहिलं तर साधारण पंधरा टक्के येतो.

रविवार, २७ नोव्हेंबर

वीस टक्के.

डॅडींना पत्र लिहायला घेतलं. चार मसुदे केले. पहिल्यात तीन वेळा 'माफ करा' होतं, ते सलग वाचताना खटकलं, म्हणून दोन काढले. चौथ्यात भाषा सफाईदार झाली, पण माफी कुठे गेली ते सापडत नाही.

पत्रापेक्षा कृती बरी. १ डिसेंबरला मी फोन करणार. माझ्या स्वतःच्या आवाजात. एक शिकलेला काळा माणूस आपल्या आवाजात बोलून आपल्या बापासाठी वेळ मागतो. एवढं साधं आहे ते.

गुरुवार, १ डिसेंबर
सकाळी ९.२५

जसंच्या तसं लिहितो.

आठ पन्नासला सोफ्यावर फोन घेऊन बसलो. नऊला लावला. बाई म्हणाली, बोला. मी तोंड उघडलं आणि माझा आवाज आला नाही. कुठला आवाज माझा, ते ऐन वेळी आठवेना. जो आला तो डॅडींचा होता. म्हणजे डॅडींचाच, पण वाईट जमलेला. मी स्वतःला म्हणताना ऐकलं, मला असे अवगत करण्यात आले आहे.

बाईनं उसासा टाकला. म्हणाली, सर, दिवसातून दहा येतात असे. आणि राग मानू नका, पण तुमचा सगळ्यात कच्चा आहे.

मी म्हणालो, हे स्किट मी लिहिलंय. ती म्हणाली, हो, आणि मी इंग्लंडची राणी.

मग मी जे केलं ते तत्त्वात बसत नाही, पण डोळ्याचा प्रश्न होता. तिला म्हणालो, सोळा तारखेच्या रेकॉर्डिंगची दोन तिकिटं पाठवतो, वाटल्यास आत्ता स्टुडिओत फोन करून खात्री करून घ्या. तिनं केली. तिचा सूर एकदम लोण्यासारखा झाला. तिकिटं तीन मिळतील का? डेझ टॉलिव्हरच्या सहीचा फोटो?

वेळ मिळाली: मंगळवार, १३ डिसेंबर, सकाळी साडेदहा.

डॅडींना कळवलं. त्यांनी विचारलं, कशी मिळाली? मी म्हणालो, माझ्या साध्या आवाजात विचारलं, मिळाली. ते म्हणाले, अच्छा.

यात खोटं फारसं नाही. आवाज साधाच होता.

मंगळवार, १३ डिसेंबर
दुपारी २.००

डॅडींना घ्यायला गेलो. स्वेटर होता, टाय नव्हता. वरचं बटण उघडं. मी म्हणालो, टाय राहिला वाटतं. ते म्हणाले, नाही राहिला.

काउंटरवर बाईनं विचारलं, नाव? डॅडी बोलले नाहीत. मी सवयीनं मोजायला लागलो. एक. दोन. तीन. चार. पाच. सहाला त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढून काचेखालून सरकवली. नाव, जन्मतारीख, उजवा डोळा. टपालखात्याचं अक्षर, एकेक अक्षर वेगळं. बाईला वाटलं त्यांना बोलता येत नाही. ती मोठ्यानं, एकेक शब्द तोडून म्हणाली, आजोबा! तिकडे! बसा!

मी पुढे झालो. म्हणालो, बाई, यांना उत्तम बोलता येतं. माझा आवाज ऐकून ती उठलीच. अय्या, तुम्हीच ना ते तिकिटवाले! डॅडी तिथेच, दोन फुटांवर. ती म्हणाली, तुमची नक्कल काही जमली नव्हती हं, पण तिकिटं पोचली, थँक्यू. मग डॅडींकडे वळून, तशीच मोठ्यानं, मुलगा! फार! मोठा! माणूस!

डॅडींनी मान हलवली.

डॉक्टर चांगले होते. म्हणाले, उजव्याचं गेलं ते परत येणार नाही, डावा राखू. महिना-दीड महिना आधी आला असतात तर, असं म्हणाले आणि कागद लिहायला लागले.

गाडीत डॅडी खिडकीकडे, म्हणजे न दिसणाऱ्या बाजूला, तोंड करून बसले होते. मी माफी मागणार होतो. सिग्नल लाल होता, वेळ होता. तेवढ्यात तेच म्हणाले, बसून बोलला असशील तू.

मी म्हणालो, काय?

ते म्हणाले, फोनवर. बसून बोललास. उभं राहून बोलावं लागतं.

सिग्नल हिरवा झाला, मी गाडी घराकडे काढली. तेवीस मिनिटं.

गुरुवार, १५ डिसेंबर

इव्हॉनला फोन केला. म्हणाली, डॅडी बरे आहेत, बागेत आहेत. बोलवू का विचारलं. मी म्हणालो, नको, फोनवर नको.

उद्या सकाळी ब्रॅडला फोन करून राजीनामा. शेवटचा निर्णय. पेनिंग्टनसकट. कारणं तीन लिहून काढली, मग दोन खोडली. 'माझ्या वडिलांचा आवाज गेला' एवढंच ठेवलं.

शुक्रवार, १६ डिसेंबर
सकाळी ९.००

आज. उभं राहून करायचा.

९.१५
टाय सापडत नाही.

९.३५
सापडला. जोसेटच्या आईकडून निघताना आणलेल्या खोक्यात होता. गाठ विसरलोय. दोनदा बांधली, दोनदा आखूड झाली.

९.५०
नंबर फिरवायच्या आधी एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. ब्रॅड, मी ल्यूशियन. ब्रॅड, मी मेटॉयर बोलतोय. तिसऱ्या खेपेला बरं आलं.

१०.२०
त्याचाच फोन आला. घाईत उचलला. पेनिंग्टनचा स्वतंत्र कार्यक्रम, तेरा भाग, लेखक म्हणून माझं नाव पहिलं. आणि प्रत्येक भागाच्या शेवटी चार सेकंद शांतता, ब्रॅडनं शब्द दिलाय. मी म्हणालो, अगदी, अगदी.

ठेवल्यावर पाहिलं, टाय हातात होता. आणि मी बसलेलो होतो.